बहिऱ्यालाही ऐकू येईल

"सरका, सरका मागे! आवाज अंगावर येईल, मग म्हणाल झुलालभाऊने आधी सांगितलं नाही!"

सोनगीरचा बाजार भरला होता. किल्ल्याच्या पायथ्याशी, कडुनिंबाच्या सावलीत सोडलेल्या बैलगाडीत झुलाल उभा होता आणि पिवळ्या फडक्याने ग्रामोफोनचा कर्णा पुसत होता. कर्णा स्वच्छच होता. पण गर्दी जमेपर्यंत काहीतरी पुसत राहावं लागतं, हे त्या धंद्यातलं पहिलं कलम. मिरच्या विकणाऱ्या बाया माना वळवून बघू लागल्या, शेंगावाल्याने तराजू खाली ठेवला, तेव्हा कुठे झुलालने फडकं खांद्यावर टाकलं.

"ही पितळी पट्टी पाहा. हात लावू नका, नुसती पाहा. काय लिहिलंय? कॉन्सर्ट! विलायतेत ही अक्षरं राजाच्या दिवाणखान्यातल्या बाज्यावर असतात."

त्या शब्दाचा अर्थ झुलालला माहीत नव्हता असं नाही. पूर्वी एकदा नरडाण्याच्या स्टेशनमास्तरांना त्याने तो विचारला होता. पुष्कळ माणसं एका जागी बसून वाजवतात, त्याला कॉन्सर्ट म्हणतात, असं मास्तर म्हणाले. झुलाल फार हिरमुसला. त्याच्या तबकडीवर एकटीच बाई गात होती आणि तिच्यामागे एक गरीब तबला होता. त्या दिवसापासून त्याने पट्टीवरच्या कुठल्याही शब्दाचा अर्थ कुणाला विचारला नाही. अर्थ आपण स्वतःच लावलेले बरे.

पट्ट्या दर दोन-तीन महिन्यांनी बदलत. कॉन्सर्टनंतर 'रॉयल' आली, रॉयलनंतर 'सुप्रीम'. जळगावला त्याच्या मालकांच्या, रुपचंद शेठच्या दुकानात नवी खोकी फुटली की दुरुस्तीवाले सत्तारमियां यंत्राचं झाकण उघडून आत डोकावत आणि म्हणत, "दूल्हा वही है झुलालभाऊ, सेहरा बदला है." आत स्प्रिंग तीच, चाकं तीच, आवाजही तोच, किंचित नाकातला. पण झुलाल ते मनावर घेत नसे. त्याला सेहरेच आवडायचे. पत्र्याचा कर्णा तो 'चांदीचा गळा' म्हणून सांगायचा. प्रत्येक गाण्यानंतर बदलावी लागणारी सुई त्याच्या तोंडी 'सात जन्म न झिजणारी' व्हायची, आणि ती बदलण्यासाठीच तर ते पिवळं फडकं होतं. फडक्याआड जुनी सुई खिशात जाई, नवी बसे, आणि सात जन्म पुढे चालू राहत.

सगळ्यात शेवटी, चावी भरून झाली की तो एक श्वास थांबे, दोन्ही हात पसरी आणि म्हणे, "आणि मंडळी, हा आवाज असा, की बहिऱ्यालाही ऐकू येईल!"

हे वाक्य त्याला एका बाजारात असंच सुचलं होतं. लोकांना ते इतकं आवडलं, की दुसऱ्या खेपेला त्यांनीच ते मागून घेतलं. रुपचंद शेठला कळल्यावर त्यांनी दुकानाच्या पाटीवर ते लाल अक्षरांत रंगवून घेतलं.

"झुलालभाऊ," गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मंग आमना झिपरू आबाले इचार ना, ऐकू येस का म्हनी!"

झिपरू आबा गाडीच्या चाकाशीच बसला होता. ठार बहिरा म्हातारा. दर बाजारी यायचा, सगळ्यांच्या पुढे बसायचा, कानामागे हात धरून वर बघत राहायचा. लोकांचे डोळे आपल्याकडे वळलेले पाहून तो गोंधळला.

"आबाचे कान आज बाजार करायला गेलेत," झुलाल म्हणाला. "ते परत आले, की सगळं ऐकू येईल!"

गर्दी खो-खो हसली. सगळे हसतात असं पाहून आबाही हसला, आणि सगळ्यांपेक्षा जास्त वेळ हसत राहिला. झुलालने घाईघाईने सुई तबकडीवर टेकवली.

संध्याकाळी तो नरडाण्याहून आगगाडीत बसला, तेव्हा डबा जवळजवळ रिकामा होता. यंत्र बाकाखाली ढकलून त्याने कर्णा मांडीवर घेतला. तापी लाइनीची ती गाडी कधी घाईत नसे. बाहेर नांगरून पडलेली काळी रानं मागे जात होती, ऊन विझत चाललं होतं. खिडकीतून वारा आला की तो कर्ण्यात शिरे आणि कर्णा आपोआप घुमू लागे, अगदी हळू, कुणी झोपेत गुणगुणावं तसा. झुलालला वाटे, आजवर यातून गेलेली सगळी गाणी आत कुठेतरी थोडी थोडी उरली असावीत. तो डोळे मिटून ऐकत बसे. आपण खोटं बोलतो असं त्याला कधी वाटलं नव्हतं. कर्ण्याला रंग देतात, तसा आपण आवाजाला शब्द देतो, एवढंच. आज मात्र त्या घुमण्यात मधूनच झिपरू आबाचं हसू येत होतं, आणि ते त्याला आवडलं नाही.

जळगावला मेहरूणच्या वाटेवर त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. दारात कडुनिंब होता. घरात तो आणि वच्छलाबाई, दोघंच.

वच्छलाबाईच्या गळ्यावर भाळूनच झुलालने तिच्याशी लग्न केलं होतं, हे गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या माहेरच्या गावी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी तो मामाबरोबर कुणाकडे तरी पाहुणा गेला होता. पोरी झोक्यांवर गात होत्या. एक आवाज झोक्याबरोबर वर जाई आणि खाली येताना मागेच रेंगाळे. झुलाल मामाला म्हणाला, मुलगी दाखवायची असेल तर हीच दाखवा. पुढे काही वर्षांनी तिला मुदतीचा ताप आला. तिचा जीव वाचला, पण कान हळूहळू गेले. आधी बांगड्यांची किणकिण गेली, मग पाखरं गेली, जात्याची घरघर गेली. शेवटी रेल्वेची शिट्टीही गेली. गाणं तर तिने त्याच्याही आधी सोडलं होतं. आपला सूर आपल्याला कळेना, मग लोकांना कशाला ऐकवायचा, म्हणाली.

झुलालशी मात्र तिचं अडत नसे. बाजारात तोंडाचा पट्टा चालवणारा हा माणूस घरी आला की अगदी सावकाश बोलायचा, दिव्यासमोर बसून, ओठ नीट हलवत. ती त्याचं तोंड बघायची आणि उत्तर द्यायची. पाहणाऱ्याला कळलंही नसतं.

त्या संध्याकाळी तिने पाट मांडला, भाकरी वाढली आणि समोर बसली. चेहऱ्यावर रुसवा होता, पण त्याच्या आड काहीतरी चमकत होतं.

"आखा खान्देशले सांगतस," ती म्हणाली, "आनि माले सांगं नही?"

"काय सांगं नही?"

"तुम्हना बाजा बहिरासले ऐकू येस म्हने. दुकाननी पाटीवर लिखेल शे. शेजारनी कमलबाईना नवरानी वाचं, आनि तिनी माले खुणा करी करीसन सांगं."

झुलालचा घास तसाच हातात राहिला. ताटाकडे बघतच तो पुटपुटला, "ते बजारनं बोलनं शे."

वच्छलाबाईने हात पुढे करून त्याची हनुवटी वर उचलली. "तोंड वर करा. माले दिसनं नही."

तेवढंच वाक्य पुन्हा म्हणायचं होतं. मोठं अवघड नव्हतं. पण ती त्याच्या ओठांकडे अशी बघत होती, की झुलालला ते जमलंच नाही. या बाईला त्याने जन्मात खोटं सांगितलं नव्हतं. सांगायची गरजच पडली नव्हती. त्यामुळे तो बोलेल ते खरं, ही तिची सवय होऊन बसली होती.

"लई यीसू," तो म्हणाला. "एक दिन घर लई यीसू."

"आखाजीले आना. मी झोकावर बसीसन ऐकसू." मग थोडं थांबून ती म्हणाली, "गानं कसं ऱ्हास ते भुली गई मी. शब्द शेतस डोकामा. चाल नही. एकदाव ऐकं, की यी जाई."

आखाजीला अजून पुष्कळ अवकाश होता, आणि झुलालने तो सगळा काळजीत घालवला. कधी यंत्र अंमळनेरला पाठवलंय म्हणे, कधी शेठ नाही म्हणतात म्हणे. ती मान हलवी. पण रोज थोडी थोडी तयारी करत राही. कोनाड्यातली जागा सारवून ठेवली. झोक्याचा दोर आणला, फळी घासली. तिचा आनंद बघून झुलालचा जीव टांगणीला लागे. यंत्र मुकं निघालं तर तिच्या मनातली उरलीसुरली आस जाणार होती. आणि त्याहून झुलालला भीती होती ती दुसऱ्याच गोष्टीची. त्यानंतर ती आपल्या तोंडाकडे बघेल, तेव्हा त्यावर विश्वास ठेवेल का?

शेवटी त्याने सत्तारमियांना गाठलं. "चाचा, आवाज मोठा करता येईल का? खूप मोठा?"

सत्तारमियांनी चष्मा कपाळावर चढवला. "किसके लिए?"

झुलालने सांगितलं. सत्तारमियां नेहमी थट्टेला टपलेले असत, पण या वेळी त्यांनी थट्टा केली नाही. यंत्राला जाडसर सुई बसवून दिली, चाकांना तेल दिलं. मग म्हणाले, "इतनाच होता है, बेटा. पट्टीपर कुछ भी लिखो, डब्बे में इतनाच है."

आखाजी उजाडली. फैजपूरला काँग्रेस भरली त्याच्या आधीची ती आखाजी. दुपारी पुरणपोळी आणि आमरस जेवून गल्लीतले पुरुष ओट्याओट्यांवर पत्ते कुटत बसले होते. बाया झोक्यांकडे गेल्या होत्या. मेहरूणच्या बाजूने त्यांची गाणी उन्हातून तरंगत येत होती. यंत्र खांद्यावर आणि कर्णा काखेत घेऊन झुलाल घराकडे चालला होता. पत्त्यांतून डोकं काढून कुणी विचारलं, "काय झुलालभाऊ, सणाच्या दिवशीही धंदा?" तो नुसता हसला.

वच्छलाबाई हिरवं लुगडं नेसली होती, केसांत मोगरा होता. सणाला पुजलेल्या घागरीजवळचं हळदकुंकू तिने आणलं आणि आधी यंत्राला लावलं. थेट पितळी पट्टीवर. 'सुप्रीम'च्या मधोमध कुंकवाचं बोट उठलं. मग ती कडुनिंबाच्या झोक्यावर जाऊन बसली, पदर सावरून, मंदिरात बसतात तशी. दोन्ही हातांनी दोर धरला.

"लावा," ती म्हणाली.

झुलालने चावी भरली. कर्णा तिच्या तोंडासमोर आणला. सुई टेकवली. खर्रर झालं, तबला वाजला आणि बाई गाऊ लागली. इतक्या मोठ्याने ती कधीच गायली नव्हती. पलीकडच्या ओट्यावर पत्ते थांबले.

वच्छलाबाईने कर्ण्यात पाहिलं. विहिरीत वाकून पाणी किती खोल आहे ते बघावं, तसं पाहिलं. तिचा चेहरा अगदी निश्चल झाला. भुवया जवळ आल्या. ती आणखी पुढे झुकली. कुंकू लावलेलं कपाळ कर्ण्याच्या कडेला टेकलं. बाई गात होती, आणि वच्छलाबाईच्या चेहऱ्यावर काहीही उमटत नव्हतं. झुलालला ते बघवेना. तरी त्याला दुसरीकडे बघता येईना. त्याचे ओठ उगाच हलत होते, आवाज नसलेले.

तिने मान वर केली आणि त्याच्याकडे पाहिलं. तोंडं वाचण्यात तिचा सारा संसार गेला होता. झुलालच्या तोंडावर जे काही होतं, ते तिने एका नजरेत वाचलं असणार.

आणि वच्छलाबाई हसली.

"येस ना," ती म्हणाली. "ऐकू येस."

तिने पायाने जमीन रेटली. झोका हलला. डोळे मिटून ती वर गेली, खाली आली, पुन्हा वर गेली. मग हळूच, घसा खाकरून, ती गाऊ लागली.

"झोका गया वर वं माय, दिसना मायना वटा..."

तबकडीवर ते गाणं नव्हतं. तबकडीवरची बाई कुठल्याशा दरबारी थाटाचं काहीतरी गात होती. वच्छलाबाई गात होती आखाजीचं, तिच्या माहेरचं. आवाज गंजला होता. सूर कुठे घसरत होता, कुठे नको तिथे चढत होता. पण झोका वर गेला की तो वर जाई आणि झोका खाली आला की मागेच रेंगाळे. अगदी तसाच. झुलाल खाली मातीत बसला. कितीतरी वर्षांनी तो हा आवाज ऐकत होता. मेहरूणच्या बाजूची गाणी, कडुनिंबाची सळसळ, दरबारी बाई, सगळं एकमेकांत विरघळून कुठे दूर गेलं. समोर हिरवं लुगडं येत होतं आणि जात होतं, आणि उन्हाचे कवडसे त्याच्यावरून घरंगळत होते. आपण जागे आहोत की मामाच्या शेजारी त्या जुन्या आखाजीत उभे आहोत, ते त्याला कळेनासं झालं.

स्प्रिंग उतरली. तबकडीवरच्या बाईचा आवाज जाड झाला, रेड्यासारखा घोगरा झाला, रडला आणि थांबला. पत्ते खेळणाऱ्यांत कुणीतरी खिदळलं.

वच्छलाबाई गातच होती.

चावी झुलालच्या हाताशी होती. त्याने ती भरली नाही.

गाणं संपल्यावर झोका आपोआप थांबत आला. तिने डोळे उघडले, थांबलेल्या तबकडीकडे पाहिलं आणि पदराने गळ्याचा घाम पुसला. "चांगली गास बाई," ती म्हणाली. त्याने मान हलवली. मग ती उठली आणि पितळी पट्टीवरचं कुंकू ओल्या बोटाने हलकेच पुसू लागली, शेठ रागावतील म्हणून.

दुसऱ्या दिवशी पहाटेच त्याला बाजाराला निघायचं होतं. वच्छलाबाई फडक्यात भाकरी बांधत होती. गाठ मारता मारता, त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "ते बहिरासनं आते बोलू नका बजारमा."

झुलाल दारात थबकला. तिला दिसावं म्हणून तो समोर येऊन बसला. "काब्र?"

"लोके खरं मानतस." गाठ घट्ट झाली. मग तिने त्याच्याकडे पाहिलं. नेहमीसारखंच, ओठांकडे, त्याच विश्वासाने. "बाकी बठ्ठं बोला. कर्णाले चांदीना गया बोला, सुईनं बोला. ते चांगलं वाटस."

झुलालच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने शिदोरी उचलली आणि तो निघाला. काल तिला ऐकू आलं होतं की नाही, हे त्याने पुढे जन्मभर तिला विचारलं नाही.

दुकानाची पाटी तशीच राहिली. ती शेठची होती. तोंड तेवढं झुलालचं होतं.

सोनगीरच्या बाजारात त्याने कर्णा पुसला. पट्टी दाखवली, चांदीचा गळा सांगितला, सात जन्मांची सुई सांगितली. चावी भरली आणि एक श्वास थांबला. लोक वाट बघत होते. झुलाल काहीच बोलेना, तेव्हा त्यांनीच ते ओरडून पुरं केलं, "बहिराले बी ऐकू यी!" आणि सगळे हसले.

झिपरू आबा चाकाशी बसला होता, कानामागे हात धरून. झुलाल गाडीतून खाली उतरला. त्याच्या समोर उकिडवा बसला. बाजारातला गलबला बाजूला ठेवून, घरी बोलायचा तसा, ओठ नीट हलवत म्हणाला, "आबा, नही ऐकू येनार. मी खोटं बोलनू."

आबाने त्याचे ओठ पाहिले. कानामागचा हात खाली घेतला. मग आपला सुरकुतलेला पंजा झुलालच्या खांद्यावर ठेवून, बहिरी माणसं बोलतात तसा मोठ्याने म्हणाला, "ते माले ठाऊक शे रे, भाऊ! मी तं तुनं तोंड देखाले येस. तू किती मनपासून बोलस! बोल ना."

झुलाल पुन्हा गाडीत चढला. गर्दीकडे न बघता त्याने कर्णा थोडा बाजूला वळवला, म्हणजे आबाला आपलं तोंड दिसेल. मग पट्टीपासून पुन्हा सुरुवात केली, अगदी सावकाश.